मेंढरं पडेगावावरून गेली तेव्हा

मणक्यात गॅप पडला आणि मल्हारीनं अंथरूण धरलं. कारखान्यात लोखंडी पत्रे उचलून उचलून कंबरेचा पार भुगा झाला होता. विम्याच्या दवाखान्यातले डॉक्टर रजा लिहून देत, आणि पडल्यापडल्या निम्म्याहून जास्त पगार मिळे. ऐकणाऱ्याला वाटावं, काय नशीब काढलंय! पण पडेगावच्या भाड्याच्या खोलीत दिवसभर छताकडे बघत पडायचं नशीब कुणाला हवंय? घरमालकीण दगडाबाई सकाळी चहा ठेवून जाई. मग संध्याकाळपर्यंत बोलायला भिंतीच.

त्याला आता नोकरीच नको होती. बायको बानाबाई आणि थोरला भाऊ कडूबा मेंढरं घेऊन रानोमाळ, आणि धनगराच्या पोटी जन्मलेला हा इथं एकटा. दिवाळीनंतर कळप कन्नडहून उतरून पडेगावच्याच रस्त्यानं बिडकीनकडं जाई. यंदा राजीनामा टाकून त्यांच्यासोबत निघायचं, हे त्यानं पक्कं केलं होतं.

कारखान्यातला बन्सी भेटायला आला आणि हे ऐकून तडकला. "येडा का खुळा तू? आजारपणात कंपनी काढू शकत नाय तुला. सवताहून राजीनामा दिलास, मंग कोण इचारतंय? आधी बरा हो, मंग खुशाल सोड."

"बरा व्हईस्तोवर इथंच मरंन मी," मल्हारी म्हणाला. बन्सी घुटमळला, पण त्याला दुसरी पाळी गाठायची होती.

मेंढरं आली त्या दिवशी मल्हारी गाठोडं बांधून रस्त्यावर उभाच होता. लोकरीचा वास नाकात गेला आणि त्याला रडूच फुटलं. कडूबानं त्याला नीट न्याहाळलं आणि म्हणाला, "चाल बरं जरा." समोरच्या विजेच्या खांबापर्यंत जाता जाता मल्हारी घामानं निथळला.

"ऱ्हावा की इथंच," बानाबाई हळूच म्हणाली. "दवापानी हाय, पगार येतोय. रानात कोण बघंल तुमच्याकडं?" तिचे डोळे भरून आले होते. ती बिऱ्हाड लादलेल्या घोड्याचं ओझं आवळत राहिली.

कडूबानं त्या ओझ्यातली बाजरीची पिशवी काढली आणि दगडाबाईच्या ओट्यावर ठेवली. "बाई, परतताना घिऊन जाऊ. तवर जपा."

मल्हारी चरकला. लंगडं मेंढरू धनगर कळपामागं रेटत नाहीत. वाटेवरच्या ओळखीच्या घरी ठेवतात, चाऱ्यापोटी धान्य देतात. त्यानं स्वतः अशी कितीतरी ठेवली होती. कळप हलला की ते मेंढरू दाव्याला हिसके देत ओरडायचं. तेव्हा वळून बघायचं नसतं. बघितलं तर ते जास्तच ओरडतं.

कळप हलला. मल्हारीनं हाक मारली, मग आणखी मोठ्यानं मारली. कडूबानं वळून बघितलं नाही. बानाबाईनंही नाही.