कळव्याची देवी, डोंबिवलीचं पित्त

कांताला ते पहिल्यांदा झालं सासरी, डोंबिवलीत, लग्नाला वर्ष व्हायच्या आत. छातीत धडधड, हात बधिर, श्वास कोंडलेला आणि आता आपण मरतो अशी खात्री. सासूबाईंना, सुमतीबाईंना, निदानासाठी डॉक्टर लागला नाही. "कोळ्यांच्या घरातलं खूळ आहे हे. आमच्या सात पिढ्यांत नाही."

निम्मं खरं होतं. कळव्याला खाडीकाठी कांताच्या आईला, जनाबाईला, असंच व्हायचं. तिकडे त्याला देवी येणं म्हणत आणि बायका तिची ओटी भरत. पण अधूनमधून सुमतीबाईही घामाघूम होऊन, छाती धरून पलंगावर पडायच्या. त्याचं नाव पित्त. पित्त कसं, शिकल्यासवरल्या घरात शोभतं!

ठाण्याच्या डॉक्टरांनी कांताला गोळ्या दिल्या आणि तिच्या नवऱ्याला, हरिहरला, समजावलं, "भीतीचा आजार आहे. रक्तातून येतो, पण जात विचारून येत नाही. कोळ्यांत आहे, ब्राह्मणांत आहे, जपान-अमेरिकेतही आहे." हरिहरने मान डोलावली. घरी आईसमोर मात्र त्या शहाण्याची वाचा बसली.

चैत्रातल्या हळदीकुंकवाला जनाबाईला बोलावलं होतं, जनरीत म्हणून. पन्हं देता देता सुमतीबाईंच्या हातून पेला सुटला. छाती धरून त्या मटकन खाली बसल्या. "मी जाते आता," एवढंच म्हणाल्या. बायका भेदरल्या. जनाबाई तेवढी उठली. मिळालेले भिजवलेले हरभरे तिने विहिणीच्या ओटीत घातले आणि पायांवर डोकं ठेवलं.

"भिऊ नको गो. आई आयलीय. माझे अंगान पन अशीच येते."

कांताला भडभडून आलं. ती गोळी घेऊन सासूकडे धावली. "आई, देवी नाही आणि पित्तही नाही. माझंच दुखणं आहे हे. घ्या, बरं वाटेल."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. सुमतीबाईंनी गोळी भिरकावली.

पाहुण्या गेल्यावर हरिहर म्हणाला, "आईला तुझं लागलं गं. थोडे दिवस तुझ्या आईबरोबर कळव्याला जा."

कांता सासूकडे वळली. तिला अजून आशा होती, वेडीला. "तुम्हीच सांगा ना यांना. कधीपासून होतंय तुम्हाला हे?"

सुमतीबाईंनी पदर सावरला.

"तू आल्यापासून."

लहानपणापासून आईच्या उशाशी बसून तिचे गार पडलेले हात चोळत आलेल्या हरिहरने ते ऐकलं आणि माळ्यावरची बॅग खाली काढली.