गवताची गाडी ओळखणारा रडार

मी पेठच्या वाटेवरच्या एका खांबावरून बोलतोय. घाटातल्या आंधळ्या वळणावर बसवलेला छोटासा रडार मी. इथून मला वळणाच्या दोन्ही बाजू कळतात. मी लाटा सोडतो. रस्त्यात काही असलं, की त्या आपटून परत येतात आणि पलीकडच्यांसाठी लाल दिवा लागतो. धुक्यात तेवढाच आधार.

माझा जन्म नाशिकला, गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात. तिथं शिकणाऱ्या चैतालीनं मला जोडलं, तिच्या धम्मपाल सरांच्या देखरेखीखाली. या घाटातच तिची मावशी नवसाबाई राहते, म्हणून चाचणीला तिनं हीच जागा निवडली.

मोटारसायकल, जीप, एसटी मी झटकन ओळखायचो. मग एका सकाळी नवसाबाई गवतानं भरलेली बैलगाडी घेऊन निघाली. माझी लाट तिच्यावरून परतली ती तुकड्यातुकड्यांनी. बैलांवरून थोडी, चाकाच्या लोखंडी धावेवरून थोडी, मागच्या गवतावरून अगदी पुसट. मला शिकवलं होतं एकच ठळक प्रतिध्वनी शोधायला. हे तुकडे पावसाचे समजून, नको ते प्रतिध्वनी वगळणाऱ्या माझ्या गाळणीनं टाकून दिले. दिवा लागलाच नाही. समोरून आलेली जीप करकचून थांबली आणि चरात गेली. बैल बुजले. कुणाला लागलं नाही, हे नशीब.

चाचणीसाठी तिथंच थांबलेली चैताली धावत आली. नवसाबाई बैलांना थोपटत म्हणाली, "एवढी मोठी गाडी तुझ्या यंत्राला दिसली नाय का गं?"

"नाही दिसली, मावशी. मोठी आहे म्हणूनच तिचा प्रतिध्वनी विखुरला."

मला पुन्हा नाशिकला नेलं. चैतालीनं सगळे तुकडे गोळा करायला शिकवलं, तर पाऊसही गोळा व्हायला लागला. रिकाम्या रस्त्यावर दिवा लागायचा. "उगाच लागणाऱ्या दिव्याकडे लोक बघेनासे होतील," सर म्हणाले.

मग मला परत वळणावर आणून तिनं मावशीला गाडी माझ्यासमोरून पुन्हा पुन्हा हाकायला लावली. भरलेली, रिकामी, तिरकी. त्या गाडीला साजेशी माझी लाटच नव्यानं घडवली. गाळणीला सांगितलं, की जे तुकडे आपापसातलं अंतर राखून एका चालीनं येतात, तेवढेच जोड. पावसाचे थेंब असे येत नाहीत.

या भाद्रपदात दाट धुकं पडलं होतं. बैल, धाव, गवत, सगळे तुकडे मी जोडले आणि दिवा लावला. पलीकडे जीप थांबली. "या मावशी, सावकाश या," ड्रायव्हरनं काच खाली करून म्हटलं.

पुढे जाऊन नवसाबाईनं फोन लावला. "चैताली, दिवा लागला गं! जीपवाला थांबला. ठेवते आता, बैल उभे हायेत."

मी इथं सुखात आहे. वारा झोंबतो, अंगावर शेवाळ चढतं, त्याचं काही वाटत नाही. तुम्ही कधी या वळणावर आलात आणि लाल दिवा दिसला, तर हॉर्न वाजवत घाई करू नका. पलीकडून कुणीतरी आपल्या चालीनं येतंय. त्याला येऊ द्या.