छातीचं माप

आमच्या लाँड्रीतला कपडा सहा महिन्यांत कुणी न्यायला आलं नाही, की त्याची नाव-नंबराची पांढरी चिठ्ठी काढून मी कोरी पिवळी लावते आणि तो मागच्या दांडीवर टांगते. पिवळ्या चिठ्ठीचे कपडे गरजूंना द्यायचे, हा नियम माझा. "गरजू कोण ते कळतं का तुला?" हा प्रश्न नवऱ्याचा. बारा वर्षं हेच चाललंय.

कळतं, असं माझं ठाम म्हणणं होतं. माझी उलटतपासणी होती ना! कुणी म्हणालं, उद्या मुलाखत आहे, अंगावर घालायला धड काही नाही, की मी विचारायचे: कुठे आहे? किती वाजता? कुणाला भेटायचंय? खोटं बोलणारा तिसऱ्या प्रश्नापर्यंत अडखळतोच. अडखळला की मी हात जोडायचे. बाई तुसडी आहे असं लोक म्हणत. म्हणोत बापडे.

त्या सोमवारी दुपारी एक धिप्पाड माणूस आला. मोठ्या हॉटेलात दारावर उभं राहायची नोकरी मिळणार होती म्हणे, फक्त कोट घालून या असं सांगितलं होतं.

"हा गरजू दिसतोय तुला?" नवरा इस्त्रीमागून पुटपुटला.

"भरल्या अंगाच्या माणसाला गरज नसते का?" मी म्हटलं आणि तपासणी सुरू केली. वेळ, मॅनेजरचं नाव, बसचा नंबर, सगळं त्याने खडाखडा सांगितलं. मी नवऱ्याकडे असं बघितलं की त्याने मान खाली घातली. मागच्या दांडीच्या टोकाला त्याच्या मापाचा एकच काळा कोट होता. चिठ्ठी पिवळी बघितली आणि देऊन टाकला. जाताना तो माझ्या पाया पडायलाही निघाला होता.

पाचच्या सुमाराला पलीकडच्या शाळेतले मास्तर आले. तेही अंगाने असेच भक्कम.

"कोट झाला ना बाई? उद्या दहाला माझा निरोपसमारंभ आहे. छत्तीस वर्षं खडू झटकत काढली, एक दिवस तरी साहेबासारखं दिसावं म्हणतो."

मी पुढची दांडी बघितली. मधली बघितली. मग मागच्या दांडीच्या टोकाशी गेले आणि तिथल्या चिठ्ठ्या चष्मा लावून बघितल्या. तिथून इस्त्रीच्या वाफेची नळी जाते. शनिवारी पुढे जागा नव्हती म्हणून मास्तरांचा कोट मीच तिथे टांगला होता. शेजारच्या दोन शर्टांच्या पांढऱ्या चिठ्ठ्या वाफेने शेकून पिवळ्या पडल्या होत्या. त्यांच्यावरचे नाव-नंबर स्पष्ट दिसत होते. कोटावरचाही दिसला असता, पण माझा चष्मा तेव्हा कपाळावर होता.

"मास्तर, तुमचा कोट मी दुसऱ्यालाच देऊन बसले," मी सरळ सांगून टाकलं. मला लपवाछपवी जमत नाही.

ते स्टुलावर बसले. चिडले असते तर बरं झालं असतं. "माझ्याकडे दुसरा नाही हो," इतकंच म्हणाले.

"उद्या नऊला कोट तुमच्या घरी येईल," मी म्हटलं. कुठून येईल ते मलाही माहीत नव्हतं.

आधी हॉटेल गाठलं. तिथे कुणालाच मुलाखतीला बोलावलं नव्हतं, त्या नावाचा मॅनेजरही नव्हता. मला चक्क टोपी घातली होती! बरं, नवा कोट घ्यावा तर सोमवारी कपड्यांची दुकानं बंद. हॉटेलमागच्या गल्लीत दोन लाँड्र्या दिसल्या. मला तिथे कोणी ओळखत नव्हतं. पहिलीत शिरले आणि मास्तरांच्या कार्यक्रमासाठी एका दिवसापुरता कोट मागितला.

"कार्यक्रम कुठे आहे?" मालकाने विचारलं.

"आमच्या पलीकडच्या शाळेत."

"किती वाजता?"

"नऊला. नाही, नऊला कोट पोचवायचाय, कार्यक्रम दहाला."

"मास्तरांचं नाव काय?"

आणि मला नाव आठवेना! बारा वर्षं त्यांना मास्तरच म्हणत आले, चिठ्ठीवरही तेच लिहीत आले. मी नुसती ततपप करत राहिले. त्याने हात जोडले, अगदी मी जोडते तसेच.

रस्त्यावर येऊन मला रडू फुटलं. अक्षर न् अक्षर खरं बोलले होते मी!

दुसऱ्या लाँड्रीत एक म्हातारे गृहस्थ कॉलरला इस्त्री करत होते. त्यांना मी सगळं एका दमात, उलटसुलट सांगितलं. त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली.

"छातीचं माप?"

"चव्वेचाळीस."

ते आत गेले, एक काळा कोट घेऊन आले आणि खांदे झटकून कागदात गुंडाळायला लागले.

"माझं नाव, पत्ता लिहून घ्या ना," मीच म्हटलं.

"लिहा वाटलं तर."

"तुमचा विश्वास बसला माझ्यावर?"

"छे," ते म्हणाले. "फारच गुंतागुंतीची गोष्ट आहे तुमची. पण मास्तर खरे निघाले तर बिचारे उद्या नुसत्या शर्टावर उभे राहतील."

मास्तर कोटात साहेबासारखे दिसले. बुधवारी मी तो धुऊन, इस्त्री करून परत नेऊन दिला. मला बघून म्हातारबुवांना खरंच आश्चर्य वाटलं आणि ते त्यांनी लपवलंही नाही. मास्तरांना आम्ही नवा कोट शिवून दिला. शिंप्याकडे नवराच त्यांना घेऊन गेला. त्यांचा मूळ कोट काही परत आला नाही.

"आता तरी बंद करशील?" नवऱ्याने विचारलं.

"आता चष्मा लावून देईन," मी म्हटलं.

पुढच्याच आठवड्यात एक किडकिडीत माणूस आला. उद्या मुलाखत आहे, म्हणाला. कुठे ते मी विचारलं नाही, तरी तोच सांगायला लागला आणि दुसऱ्याच वाक्याला अडखळला. नवऱ्याने इस्त्री थांबवून माझ्याकडे बघितलं. मी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला, खणातून मापाची टेप काढली आणि काउंटरला वळसा घालून त्या माणसासमोर जाऊन उभी राहिले.

"हात जरा वर करा," मी म्हटलं.