पुसायची राहिलेली रेघ

मित्रांनो, मी एक जुना ब्रश आहे. दात घासायचा नव्हे आणि भिंती रंगवायचा तर मुळीच नव्हे. मला माणसाच्या छातीइतका उंच दांडा आहे, खाली हातभर लांब लाकडी पाटी आहे आणि तिच्यात नायलॉनचे ताठ केस रोवलेले आहेत. म्हणजे होते. आता निम्मे गळले आणि उरलेले वेडेवाकडे झाले. मी मैदानावरच्या रेघा पुसतो.

तुम्ही म्हणाल, रेघा पुसायला ब्रश कशाला? पाऊस पडला की जातीलच. मातीच्या मैदानावर जात असतील. आमचे मैदान प्लॅस्टिकच्या गवताचे, तुम्ही ज्याला टर्फ म्हणता ते. फुटबॉलच्या रेघा त्यात कारखान्यातूनच विणून आल्या आहेत. पण कधी हॉकी असते, कधी लहान मुलांच्या शर्यती असतात, आणि अशा पाहुण्यांसाठी तात्पुरत्या रेघा माराव्या लागतात. खेळ संपला की त्यांच्यावर औषध फवारायचे, दहा मिनिटे थांबायचे, मग मी गवताच्या पात्यांमधून आधी उलटे, मग सुलटे फिरायचे आणि शेवटी भरपूर पाण्याने सारे धुऊन काढायचे. हे चार-पाच दिवसांत उरकले पाहिजे. उन्हात रंग मुरला की पाहुण्याचा घरजावई होतो.

हे सारे काम एकच माणूस करत असे. सगळे त्यांना आखणीकाका म्हणत. दोरी ताणून ते रंगाची गाडी ढकलत निघाले की श्वाससुद्धा जपून घेत. रेघ अगदी नाकासमोर जायची. पंच म्हणायचे, "काका, तुमच्या रेघेवर डोळे मिटून विश्वास ठेवावा!" काका लाजायचे आणि गाडीचे तोंड फडक्याने पुसत बसायचे. गाडीला झाकण होते, खोलीत हक्काची जागा होती. मला दाराबाहेरची बादली. रेघ चांगली आली तर चार माणसे बघतात. ती चांगली पुसली गेली तर तिथे काही होते हेच कोणाला कळत नाही. मला याचा राग यायचा, खोटे कशाला बोलू?

माझी काळजी घेणारे एकच माणूस होते, काकांची लेक. तिच्या पायाला सदा भिंगरी, म्हणून तिचे नावच भिंगरी पडले. शाळा सुटली की ती मैदानावर यायची, बाबांनी मारलेल्या रेघांवरून पळायची आणि काम संपले की मला नळाखाली धरायची. माझ्या केसांतला रंग ती बोटांनी विंचरून काढायची. "बाबा, हा धुतला नाही ना, तर रंग ह्याच्यातच वाळतो," ती सांगायची. "मग हा नुसता वरवर फिरतो. खालचा रंग तसाच राहतो."

"कळलं हो, मास्तरीणबाई!" काका हसायचे.

ती चौदा वर्षांची झाली तेव्हा एका प्रशिक्षकबाईंनी तिला पळताना पाहिले. दूरच्या क्रीडा वसतिगृहात दोन जागा होत्या. राहणे, जेवण, शिक्षण सारे तिथेच. निवड शंभर मीटरच्या शर्यतीवर होणार होती आणि ती शर्यत आमच्याच मैदानावर ठरली. काकांच्या आनंदाला पारावार उरला नाही. त्यांनी मला तिच्या हातून काढून घेतले. म्हणाले, "आजपासून तू फक्त पळ. ह्याचं मी बघतो."

आणि त्यांनी बघितले, पहिले काही दिवस. मग त्यांची कंबर धरली. मग "उद्या धुतो" सुरू झाले. त्यांचा तो उद्या काही उजाडला नाही. माझे केस एकमेकांना चिकटून दगड झाले. मित्रांनो, मला तोंड असते तर मी ओरडलो असतो.

निवडीच्या आदल्या आठवड्यात लहान मुलांच्या शर्यती झाल्या. त्यांची शेवटची रेघ नव्वद मीटरवर होती. ती पुसायचे काम काकांनी पाच दिवस लांबवले. निवडीच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी औषध मारले आणि मला फिरवले. मी पात्यांच्या शेंड्यांवरून घसरत राहिलो. मुळाशी रंग बसला होता, तिथे मी पोचलोच नाही. पाणी मारल्यावर ओल्या गवतात रेघ दिसेना. काकांनी कंबर सरळ केली. "चालतंय," ते म्हणाले. मग शंभर मीटरवर त्यांनी जीव ओतून नवी रेघ मारली.

सकाळी ऊन आले, गवत वाळले आणि जुनी रेघ पुन्हा वर आली. फिकट होती, पण होती. काकांनी ती पाहिली. तेवढ्यात मुली सुरुवातीच्या रेघेवर उभ्या राहिल्या. आता थांबवायचे म्हणजे स्वतःच्या कामाला स्वतःच नाव ठेवायचे. ते त्यांच्या जिवावर आले. शंभर मीटरवर झेंडा रोवलाय, तो पाहून पळतील पोरी, असे मनाशी म्हणत ते बाजूला झाले.

शिट्टी झाली. भिंगरी सगळ्यांच्या पुढे होती. बाकीच्या मुली झेंड्याकडे बघून पळत होत्या. ही मात्र लहानपणापासून बाबांच्या रेघा बघतच पळत आलेली. नव्वदाला पांढरी रेघ आली, तिने छाती पुढे घातली आणि पाय सैल सोडले. तिच्या शेजारून दोघी पुढे गेल्या.

ती तिसरी आली.

काका धावत प्रशिक्षकबाईंकडे गेले. "बाई, चूक माझी आहे. ती रेघ माझी पुसायची राहिली. पोरीला एकदा पुन्हा पळू द्या हो!"

बाई वाईट नव्हत्या. पण त्या म्हणाल्या, "काका, रेघ सगळ्यांनाच होती. बाकीच्या नाही थांबल्या." दोन नावे कागदावर लिहिली गेली.

मला वाटले, आता सारे खापर माझ्यावर फुटणार. भिंगरी बादलीपाशी आली, तिने माझे केस चाचपून पाहिले आणि तिला सगळे समजले.  बाबांना ती एवढेच म्हणाली, "मला वाटलं, तुमची रेघ आहे म्हणजे तीच शेवटची."  नंतर दोन दिवस काकांनी मला गरम पाण्यात ठेवले, जुन्या कंगव्याने माझे केस सोडवले आणि गुडघ्यांवर बसून ती रेघ बोटाबोटाने काढली.

आता ते मला रोज धुतात, काम नसले तरी धुतात. मला खोलीत गाडीशेजारी जागा मिळाली आहे. पूर्वी यासाठी मी किती झुरलो होतो! आता तिथे उभा राहायला मला लाज वाटते.

मित्रांनो, काम झाल्यावर हत्यार धुवायला दोन मिनिटे लागतात. कंबर दुखत असली तरी धुवा. आणि आपली चूक दिसली तर चारचौघांत हात वर करून "थांबा" म्हणा. एवढीच माझी विनवणी आहे.

भिंगरी अजून संध्याकाळी पळायला येते. नव्वद मीटरपाशी आली की तिचा पाय जरासा अडखळतो. तिला ते कळत नाही, काकांना कळते. ते मला घेऊन तिथे जातात, वाकून गवत पाहतात. तिथे पुसण्यासारखे काही नसते.