फ्लॅश न लावता

प्रीतीने आपलं बाळ अजून पाहिलं नव्हतं. सातव्या महिन्यातच तिचं ऑपरेशन करावं लागलं आणि ती शुद्धीवर यायच्या आत पोराला अंबरनाथ पूर्वेच्या प्रसूतिगृहातून उल्हासनगरच्या बालरुग्णालयात हलवलं, तिथल्या काचेच्या पेटीत. नवऱ्याने, महेंद्रने, मोबाईलवर काढलेल्या फोटोत नुसता काळपट डाग दिसत होता.

"हे काय दाखवताय मला?" प्रीती म्हणाली. "खरं सांगा, आहे ना तो?"

म्हणून महेंद्र कॅमेरा घ्यायला निघाला. प्रीतीचा धाकटा भाऊ सम्यक न बोलावता बरोबर आला. एरवी तो महेंद्रला 'दाजी' म्हणायचा. या दोन-तीन दिवसांत तो शब्द त्याने एकदाही उच्चारला नव्हता. प्रीतीला कळा सुरू झाल्या तेव्हा महेंद्र कंपनीत होता आणि मोबाईल लॉकरमध्ये. शेवटी शेजारच्या गोदूमावशींनी तिला रिक्षात घातलं. सम्यकच्या लेखी एवढं पुरेसं होतं.

उल्हासनगरच्या दुकानात काउंटरवर कॅमेरे मांडले गेले. "हा घ्या साईं, आठ मेगापिक्सेल," सिंधी दुकानदार म्हणाला. "झूम बघा. लग्नाला, पिकनिकला एकदम मस्त."

"मंद उजेडात फोटो काढायचाय," महेंद्र म्हणाला. "फ्लॅश चालणार नाही."

"नाइट मोड आहे ना."

सम्यकने चंदेरी कॅमेरा उचलला. "हाच पॅक करा. हे स्वस्तातलं शोधत बसतील. मी ओळखतो यांना."

महेंद्रने तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि दुकानदाराला मागची ट्यूबलाइट बंद करायला सांगितली. कुरकुरत त्याने केली. महेंद्रने सम्यकचाच फोटो काढला. चेहरा हलला होता, नाकं दोन आली होती. "कमी उजेडात याला फोटो घ्यायला जास्त वेळ लागतो," महेंद्र म्हणाला. "तेवढ्यात हात हलतो. बाळही हलणारच."

मग त्याने कोपऱ्यातला काळा, जाडसर कॅमेरा मागितला. मेगापिक्सेल कमी, दिसायला ओबडधोबड. मंद उजेडासाठी त्याचा आयएसओ आठशेवर नेऊन पुन्हा बटण दाबलं. फोटो रवाळ आला, पण सम्यकचे डोळे लख्ख उमटले, आणि त्यांतला राग कोणालाही वाचता आला असता.

"नुसते ठिपके," सम्यक म्हणाला. "माझ्या भाच्याचा फोटो असला?"

"ठिपके असले तरी माणूस ओळखू येतो."

"तुम्हाला येतो ओळखता? माझी बहीण तडफडत होती तेव्हा कुठे होता तुम्ही?"

"तुझ्या बहिणीने मला पाठवलंय. तुला नाही."

सम्यकने त्याची कॉलर धरली. गिऱ्हाइकं मागे सरकली. "झगडा बाहर, साईं," दुकानदार मध्ये आला. "माल फुटेल माझा." सम्यकने हात सोडला. महेंद्रने काळा कॅमेरा घेतला.

रुग्णालयात सिस्टरने फक्त बापाला आत सोडलं. बाळांच्या डोळ्यांना त्रास नको म्हणून दिवे मंद ठेवले होते. "पेटीला टेकू नका," तिने बजावलं. महेंद्रने कोपरं छातीशी आवळली, श्वास रोखला. बाळाने मूठ वर केली, तेव्हा त्याने बटण दाबलं.

बाहेर येताच सम्यकने हात पुढे केला. महेंद्रने कॅमेरा खिशात टाकला. "आधी तिला."

दोघे वेगवेगळ्या रिक्षांनी अंबरनाथला आले. प्रीतीने कॅमेरा डोळ्यांजवळ धरला. मग बोटाने पडद्यावरची ती मूठ चाचपू लागली.

"ताई, मलाही बघू दे," सम्यक पुढे वाकला. "यांनी मुद्दाम दाखवला नाही."

"आणि दुकानात माझी कॉलर कोणी धरली?" महेंद्र म्हणाला.

"बाहेर जा," प्रीती म्हणाली. "दोघंही. माझं पोर तुमच्या भांडणासाठी जन्माला नाही आलं."

बाहेर एकच बाकडं होतं. दोघे त्याच्या दोन टोकांना बसले. थोड्या वेळाने सम्यक समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाला, "कसा आहे?"

"हात हलवत होता."

"विचारलं म्हणजे विसरलो असं समजू नका."

"नाही समजत," महेंद्र म्हणाला.

पुढे बाळ तगलं, घरी आलं. बारशाला सम्यक आला, भाच्याला मांडीवर घेऊन बसला, आणि महेंद्रने पुढे केलेलं पेढ्याचं ताट त्याने न बघता पुढच्याकडे सरकवलं.