समुद्राचे चालते डोळे

"चालला! चालला!"

देवळाच्या ओट्यावर एकच गलका झाला आणि अख्खं केवडेवेळ गाव पुढे सरकलं. कोणाच्या तरी कोपराने माझी पगडी डोळ्यांवर आली. ती वर सारून पाहतो तो काय, तांदळाच्या राशीवर ठेवलेल्या परातीत, तीर्थाच्या पाण्यात, एक गुळगुळीत पांढरा खडा आपोआप सरकत होता. त्याच्याभोवती बारीक बुडबुडे उठत होते.

"हा देवाचा श्वास!" परातीवर हात टेकून सागरस्वामी गरजले. "हा साधा खडा नव्हे, समुद्राचा डोळा आहे! माझ्या गुरूंना तो मगरीने तोंडातून आणून दिला. समुद्र ज्याच्यावर रागावला, त्याच्याकडे हा चालत जातो. लपाल कुठे?"

डोळा चालत गेला तो थेट माझ्या लेकीच्या, कुसुमच्या समोर, आणि काठाला टेकला.

मी आदल्या संध्याकाळीच घाट उतरून आलो होतो. पुण्यात कसबा पेठेत ग्रंथ नकलून पोट भरणारा म्हातारा मी. दारात चार माणसं उभी राहिली तरी मला घाम फुटतो. लेक नांदायला गेल्याला वर्ष होत आलं, तिला पाहावं, समुद्राचा वारा खावा, एवढाच बेत होता. गाव तर असं शांत की नारळ पडला तरी चार घरं बाहेर येऊन बघतात.

पण त्या वर्षात माझे व्याही यज्ञेश्वरपंत यांचा नारळ वाहणारा मचवा खाडीच्या तोंडाशी खडकावर दोनदा आपटला होता. "घाटावरची सून आली आणि समुद्र रुसला," अशी कुजबुज सुरू झाली. मग स्वामी आले. कालचा कौल कुसुमकडे गेला होता. आजचाही गेला. उद्या पुन्हा तिच्याकडेच गेला, तर तिला माझ्याबरोबर पुण्याला धाडायचं, आणि तेही कायमचं, असं ठरलं होतं. जावईबापू दिगंबर पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत उभे होते.

"आबा, काहीतरी बोला ना," कुसुम पुटपुटली.

"मी काय बोलणार, बाळ? एवढे मोठे स्वामी..."

"तुम्ही पुण्याचेच ना? मग गप्प कसे?"

मी इतका गोंधळलो की हाताने आपल्याला माहीत होतं तेच केलं. समोर तीर्थ दिसलं की बोटं बुडवायची, प्यायचं, हात डोक्यावरून फिरवायचा. तसंच केलं आणि माझे दात आंबले. तीर्थ कसलं, चांगला लिंबाचा रस होता तो!

वैद्यकाच्या पोथ्या मी किती वेळा उतरवल्या असतील! शंख, कवड्या शुद्ध करायच्या तर लिंबाच्या रसात घालाव्यात, रस फसफसतो. पण ते कागदावर. माझी समजूत चुकली तर? भर सभेत हसं झालं तर? मग मी कुसुमच्या तोंडाकडे पाहिलं, आणि आवाज बाहेर पडला तो मलाच ओळखू आला नाही.

"अहो स्वामी, चुकत असलो तर सांभाळून घ्या. हा समुद्राचा डोळा आहे ना? मग समुद्राच्या पाण्यात तो जास्तच धावत असेल, नाही का?"

स्वामींनी मला पायापासून पगडीपर्यंत न्याहाळलं. "म्हातारबोवा, खाऱ्या पाण्यात देव निद्रिस्त असतो."

"म्हणजे आमचा समुद्र झोपलेलाच असतो म्हणा की!" कुसुमच्या सासूबाई मुक्ताबाई फणकारल्या. "मग आमचा मचवा कोणी आपटला?"

लोक हसले. तेवढ्यात कुसुम पदर खोचून किनाऱ्याकडे पळाली आणि समुद्राच्या पाण्याची घागर घेऊन आली. परात धुतली. "तांदळावरूनच! तांदळावरूनच!" असं स्वामी ओरडत असताना मुक्ताबाईंनी ती सपाट फरशीवर ठेवली. खारं पाणी ओतलं, खडा टाकला.

डोळा हलेना. दिगंबररावांनी परातीवर टिचकी मारली, तरी हलेना.

"जागा हो रे देवा!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

"तीर्थात लिंबाचा रस होता," मी पुटपुटलो, तेव्हा पाणी ओतून देऊन परातीत लिंबं पिळली. कुसुमने कमरेची पिशवी सोडली. पुण्यात समुद्र कुठला? त्यामुळे ती रोज किनाऱ्यावरून शंखशिंपले वेचून आणायची. समुद्रातली गोगलगाय शंखात शिरली की घराला जे दार लावून घेते, तसली, स्वामींच्या खड्यासारखीच पांढरी गोल झाकणं तिच्याकडे मूठभर होती. ती तिने रसात टाकली.

फस्स! सगळीच चालायला लागली. एक मुक्ताबाईंकडे गेलं, एक माझ्याकडे, दोन एकमेकांवर आपटली आणि एक टुणटुणत खुद्द स्वामींकडे निघालं.

"अगं बाई, समुद्र सगळ्यांवरच रागावलाय की!" कुसुम म्हणाली.

मी चाचरत उलगडा केला. शिंपल्याची जात आंबटाला लागली की बुडबुडे सुटतात. खालची बाजू सपाट असली की तेच बुडबुडे झाकणाला उचलून सरकवतात. आणि कुठे सरकवायचं, ते स्वामींचा हात ठरवत होता. तांदळात परात जराशी दाबली की झालं. सांगून संपलं तेव्हा स्वामींची जागा रिकामी होती. गावाने वाहिलेल्या नारळांची रास मात्र तिथेच राहिली होती.

"पण मग मचवा का आपटला?" यज्ञेश्वरपंतांनी हळूच विचारलं.

"मामंजी, आपण तो पंचांग पाहून सोडता," कुसुम म्हणाली. "दोन्ही मुहूर्त ओहोटीचे निघाले. पाणीच नव्हतं, तर खडक लागणारच ना?"

दुसऱ्या दिवशी मचवा भरतीला सुटला, तोही ऐन राहुकाळात. यज्ञेश्वरपंत किनाऱ्यावर डोळे घट्ट मिटून उभे होते.

"मामंजी, उघडा डोळे," कुसुम म्हणाली. "खडक केव्हाच मागे पडला."

मी पुण्याला एकटाच परतलो, ही माझी सगळी कमाई. तुमच्या गावात असा चालता-बोलता देव आला, तर त्याच्याशी भांडू नका. त्याचं पाणी बदला, त्याची बैठक बदला आणि मग तो काय करतो ते पाहा. कोणाच्या लेकीसुनेला दोष देण्याआधी एवढं कराच. एवढं सुचवायला मोठा आवाज लागत नाही. माझ्यासारख्याचा पुटपुटता आवाजही पुरतो.