पडद्याच्या पायाशी पाटे

जयवंत परबने पिंपावर टिचकी मारली आणि त्याचा चेहरा उतरला. भरलेलं पिंप असा आवाज करत नाही.

सकाळी नळ आला तेव्हा त्याने स्वतः पाइप लावून चारही पिंपं काठोकाठ भरली होती. एकेकात दोनशे लिटर, म्हणजे दोनशे किलो. नायगावच्या चाळीच्या पटांगणात आज वीस फुटी पडदा लागणार होता आणि त्याच्या लोखंडी चौकटीला उभं धरणारे ताणदोर या पिंपांना बांधलेले होते. आता संध्याकाळचे साडेपाच. फिल्म सातला. पिंपांच्या तळाशी तांब्याभर पाणी.

"पाणी कुणी काढलं?" तो ओरडला.

गॅलऱ्या माणसांनी भरलेल्या होत्या. ऐकू मात्र कुणालाच आलं नाही. शेवटी पहिल्या मजल्यावरून ऐंशीच्या बकुळाकाकी बोलल्या, "दोन बादल्या मी घेतल्या. दारात भरलेलं पिंप दिसल्यावर काय त्याला नमस्कार करायचा?"

"काकी, ते वजनासाठी होतं!"

"मग तसं लिहायचंस. आणि सगळ्यांनी दोन-दोनच घेतल्या हां. हावरटपणा कुणी नाय केला."

चाळीत उरलेली बिऱ्हाडं चाळीस, बादली दहा लिटरची. हिशोब चोख होता.

रविवारपर्यंत ही चाळीसही जाणार होती. चाळ पाडून टॉवर होईपर्यंत कोण विरारला, कोण डोंबिवलीला. जयवंतच्या मुलीने, रुपालीने, वर्षभर घराघरांत बसून सगळ्यांना बोलतं केलं होतं. त्यातून झालेली पाऊण तासाची फिल्म सगळ्यांनी एकत्र बसून बघायची, ती आजच. उद्यापासून टेम्पो.

आणि पडदा बांधणार जयवंत. नाटकांच्या पडद्यामागे त्याने तीस वर्षं दोर ओढले होते, पण चाळीला आठवत होती ती गेल्या वर्षीची संध्याकाळ. वारा वाढतोय हे त्याला दिसत होतं. पण प्रमुख पाहुण्यांचं भाषण चालू होतं, मध्येच पडदा कसा उतरवायचा, म्हणून तो गप्प बसला. चौकट वडापावच्या टेबलावर आली. वडेवाला नुकताच पाणी प्यायला गेला होता, म्हणून वाचला. त्या दिवसापासून जयवंत दोराला हात लावण्यापूर्वी दोनदा आकाशाकडे बघायचा.

चाळ कमिटीचा सेक्रेटरी अजित घाईने आला. "काका, पिंपांचं राहू दे. दोर गॅलरीच्या कठड्याला बांधू."

"कठडा तुझ्या भाषणाने हलतो, अजित. आणि तो खालचा बॅनर सोड."

"त्याच्यावर अख्खी कमिटी आहे!"

"म्हणूनच. पडद्याखालून वाऱ्याला जायला वाट पाहिजे. बावीस तोंडं आडवी आली की तो कुठून जाणार?"

रुपाली जवळ येऊन हळूच म्हणाली, "बाबा, रद्द करूया का?"

जयवंतने पुन्हा एकदा पिंपात डोकावून पाहिलं. नळ उद्या सकाळी येणार होता. वजनाशिवाय तो पडदा चढवणार नव्हता, हे त्याचं ठरलेलं होतं.

तेवढ्यात जिन्यावरून धापा टाकत बकुळाकाकी उतरल्या. मागून त्यांची सून शेवंती, दोन्ही हातांत पाटा.

"घे," काकी म्हणाल्या. "सून म्हणते, टॉवरमध्ये पाटा कशाला न्यायचा. इथे तरी उपयोग होऊ दे."

"मी मिक्सर आहे एवढंच म्हटलं होतं," शेवंती म्हणाली आणि तिने पाटा पिंपात ठेवला.

मग दाराआड बांधून ठेवलेलं सगळं जड सामान बाहेर आलं. पाटे, वरवंटे, खलबत्ते, एक जातं, व्यायामशाळेतल्या लोखंडी चकत्या. भंगार उचलायला आलेल्या बुधाजीने आपला काटा लावला आणि प्रत्येक वस्तूचं वजन मोठ्याने पुकारलं. आयुष्यात पहिल्यांदाच खरं. एकेक पिंप दोनशेला पोचेपर्यंत जयवंतने कुणाला पडद्याला हात लावू दिला नाही. मग चौकटीच्या मागची जागा दोरीने अडवली, वरच्या कोपऱ्याला रिबन बांधली आणि सांगून टाकलं, "ही वाऱ्याने आडवी झाली की पडदा खाली. विचारायला येणार नाही."

फिल्म सव्वासातला सुरू झाली. आपापली तोंडं एवढी मोठी बघून लोक आधी लाजले, मग एकमेकांना हसले. विसाव्या मिनिटाला पडद्यावर अजित आला, आणि तेव्हाच रिबन सरळ आडवी झाली.

"उतरवा!" जयवंत ओरडला.

"काका, माझंच आलंय! दोन मिनिटं!"

जयवंतने दोर सोडला. अजितचं कपाळ, नाक, हनुवटी घडी होत खाली आली आणि कापड जमिनीवर निजलं. लगेचच वाऱ्याचा असा झोत आला की खुर्च्या सरकल्या. रिकामी चौकट जागची हलली नाही.

कुणी उठून घरी गेलं नाही. दहा मिनिटं लोक अंधुक पटांगणात बसून राहिले. वारा पडल्यावर जयवंतने पडदा पुन्हा चढवला. रुपालीने विचारलं, "अजितदादापासून लावू?"

"पहिल्यापासून!" चाळीस बिऱ्हाडं एकदम ओरडली, आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज अजितचा होता.